सिंहमुख, कीर्तिमुख की पन्हळ?

प्रश्न : अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, अट्टालोसचा स्टोआ आहे. स्टोआ म्हणजे खांबांची लांबच लांब ओवरी. मूळ इमारत इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, आज दिसते ती १९५६ मध्ये पुरी झालेली पुनर्बांधणी. छपराच्या कडेला संगमरवरी सिंहांची डोकी ओळीनं बसवलीत. प्रवासवर्णनात मी त्यांना ‘कीर्तिमुखं’ म्हटलं. भाऊ म्हणतो, साफ चूक. मग काय म्हणू?

उत्तर : भाऊ बरोबर आहे. कीर्तिमुख आपल्याकडे गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर असतं, बहुतेकदा खालच्या जबड्याशिवाय. पाण्याशी त्याचं देणंघेणं नाही. ग्रीक सिंह मात्र कामाचा. छपराच्या काठाला दगडाची उभी कड असते, तिला ‘सिमा’ म्हणतात. (आपल्या ‘सीमे’शी नातं नाही, नकटं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव पडलं.) पावसाचं पाणी या कडेमागे अडतं आणि सिंहाच्या घशातून बाहेर पडतं. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस तर बजावतो : खांबाच्या बरोबर वर येईल त्याच सिंहाला भोक पाडा, मधले भरीव ठेवा. नाहीतर खांबांमधून आत शिरणाऱ्याच्या डोक्यावर धार!

दुसरं उत्तर : मग ‘सिंहमुखी पन्हळ’ म्हणा की. ‘प्रणाल’चंच ते मराठी रूप.

प्रश्नकर्ती : पन्हळ म्हटलं की मला गोठ्यावरचे पन्हळी पत्रे दिसतात. ‘पागोळी’ नाही चालणार?

दुसरं उत्तर : पत्र्याला पन्हळी असतात म्हणूनच तो पन्हळी. पागोळी म्हणजे वळचणीवरून गळणारं पाणी. ते ज्यातून वाहतं ती पन्हळ. पाणी आणि नळ यांत घोळ नको.

तिसरं उत्तर : ‘पन्हळ’ हवीच कशाला? ‘गोमुख’ म्हटलं की पाणी न सांगता कळतं. देवळाच्या गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारं मकरमुख घ्या, तिथंही तेच. त्याच चालीवर नुसतं ‘सिंहमुख’ पुरे.

पहिलं उत्तर : नाही पटत. सिंहमुख हातातल्या कड्यालाही असतं आणि खुर्चीच्या हातालाही. वाचक पाणी कुठून आणणार? पण पन्हळीलाही एक अडचण आहेच. अथेन्सचंच पार्थेनॉन हे देऊळ घ्या. त्याच्या छपराच्या चारही कोपऱ्यांवर सिंहाची डोकी होती, पण त्यांना आरपार भोकच नव्हतं. तिथलं पाणी लांबीच्या बाजूंनी संगमरवरी कौलांवरून थेट खाली जायचं. तिथं ‘पन्हळ’ म्हणणं खोटं ठरेल.
उलट ऑलिंपियाचं झ्यूसचं देऊळ पाहा. भिंती आणि खांब स्थानिक चुनखडीचे, पण छप्पर होतं संगमरवरी आणि कडेला शंभराहून अधिक सिंह, सगळे पाणी ओकणारे. फुटले तसे शतकानुशतकं नवे बसवत गेले. त्यामुळे एकाची आयाळ दुसऱ्यासारखी नाही. कारागिराची पिढी बदलली की सिंहाचा चेहराही बदललेला. मला तर ती डोकी मूर्तींपेक्षा जास्त आवडतात.

प्रश्नकर्ती : ठरलं. स्टोआ आणि ऑलिंपियाला ‘सिंहमुखी पन्हळी’, पार्थेनॉनच्या फोटोखाली नुसतं ‘सिंहमुख’. कीर्तिमुखं खोडली. भावाला अजून सांगितलेलं नाही.