जुनी स्विफ्ट बघितलीय, चेसिस नंबरवरून कंपनीतून काय काय बसून आलंय ते कळतं का?

कळंबेकर_०९

नमस्कार मंडळी. २०१६ ची स्विफ्ट डिझेल बघितलीय, एमएच ०९ पासिंग, दुसरा मालक, गाडी एका कन्सल्टंटकडे, म्हणजे जुन्या गाड्या विकून देणाऱ्या एजंटाकडे उभी हाय. तो झेडडीआय म्हणून विकालाय, टॉप मॉडेल. अलॉय हायत, मोठा टचस्क्रीन हाय, रिव्हर्स कॅमेरा हाय, सीट कव्हर तर एकदम भारी. पण आरसी बघितली तर त्यावर स्विफ्ट व्हीडीआय लिहिलंय, म्हणजे त्याच्या खालचं मॉडेल. विचारलं तर म्हणतो पासिंगच्या वेळी शोरूमकडून चुकून तसं पडलं, गाडी झेडडीआयच हाय, डोळ्यानं बघा की. आणि भाव पण झेडडीआयचाच सांगालाय.

मला अलॉय आणि स्क्रीनचं काय पडलेलं न्हाई. मला एअरबॅगचं बघायचंय. बायकोचं माहेर कुडाळकडं, वर्षातनं चार-पाच वेळा तरी गगनबावडा घाट उतरायला लागतो, बरोबर लहान पोरगी असती. स्टेअरिंगवर मधे कव्हर घातलंय त्यामुळं खाली काय लिहिलंय दिसत न्हाई.

नेटवर चेसिस नंबर टाकून बघितला. एका साईटनं इंजिन पेट्रोल दाखवलं, दुसरीनं 'चेक डिजिट चुकीचा' म्हणून लाल अक्षरात दाखवलं, तिसरी म्हणती पैसे भर मग फॅक्टरीची सगळी लिस्ट देतो. नंबरच बनावट हाय का काय अशी शंका यायला लागलीय. कुणाला यातलं नीट माहिती असेल तर सांगा, टोकन अजून दिलेलं न्हाई.

पंचगंगा_टुरिंग

भावा २०१६ चं डिझेल घेतोयस तर आधी इंजिन, टर्बो, क्लच बघ. मॉडेल व्ही हाय का झेड हाय यानं चालताना फरक पडत न्हाई. आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन जा, उद्यमनगरात कुणालाही विचार, लिफ्टवर चढवून खालनं बघतील.

जुना_ॲडव्हायझर

पंचगंगा, चालताना फरक पडत नाही हे बरोबर, पण धडकल्यावर पडतो, आणि त्यानं विचारलंय तेच. त्या पिढीच्या स्विफ्टला एअरबॅग सगळ्या मॉडेलला नव्हत्या. २०११ ला आलेली ती बॉडी २०१८ पर्यंत चालली, त्यात दोन एअरबॅग झेडएक्सआय आणि झेडडीआयलाच यायच्या, नंतर खालच्या मॉडेलला ऑप्शनल म्हणून द्यायला लागले, त्याच्या नावापुढं कंसात ओ असायचा. म्हणजे व्हीडीआय आणि व्हीडीआय ओ ह्या दोन वेगळ्या गाड्या आहेत, बाहेरनं सारख्या दिसल्या तरी. म्हणून प्रश्न एकदम योग्य आहे. मी बरीच वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून काउंटरला बसलोय त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे नंबर बनावट आहे असं लगेच समजू नका. चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. पहिली तीन अक्षरं कंपनीची, मारुतीचं एमए३, ह्युंदाईचं एमएएल, टाटाचं एमएटी, महिंद्राचं एमए१. सुरुवातीचा एम आला की आशियातली गाडी, एमए ते एमई म्हणजे भारत. मधली सहा अक्षरं मॉडेल, बॉडी, इंजिन वगैरे सांगतात आणि ती कशी वाचायची ते कंपनी आपापलं ठरवते. शेवटी अनुक्रमांक येतो. आता त्या साईटवर जे चेक डिजिट म्हणतात ते नववं अक्षर, गणित करून काढलेलं, ते अमेरिका-कॅनडाकडं आणि चीनमध्ये सक्तीचं आहे, आपल्याकडं नाही. त्यामुळं आपली अगदी शोरूममधनं आजच निघालेली गाडी टाकली तरी त्या साईट लाल दाखवू शकतात. इंजिन पेट्रोल दाखवलं त्याचं कारण पण तेच, परदेशी साईट आपल्या कंपन्यांची मधली अक्षरं अंदाजानं लावतात.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती ही की नंबरात इक्विपमेंट लिहिलेलं नसतं. सतरा अक्षरात मावणार किती. अलॉय, एअरबॅग, स्क्रीन, रंग ह्याची सगळी नोंद कंपनीच्या कॉम्प्युटरात असते आणि चेसिस नंबर ही त्या नोंदीपर्यंत जायची किल्ली. म्हणून ती नोंद ज्याच्याकडं आहे त्यालाच विचारायचं, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला. पैसे मागणाऱ्या साईटला एक रुपया देऊ नका.

वर्कशॉपला गेल्यावर चेसिस नंबर टाकला की व्हेरियंट, रंगाचा कोड, विकल्याची तारीख, झालेली सर्व्हिस, त्यावेळचे किलोमीटर सगळं समोर येतं. पण अनोळखी माणसाला दाखवत नाहीत, आणि दाखवू पण नये. मालकाला बरोबर घेऊन जा, नाहीतर त्याच्या मोबाईलवर ओटीपी येईल असं बघा. मालक फोनवर पण यायला तयार नसेल तर तेवढ्यावरच गाडी सोडून द्यायला हरकत नाही. आणि आरसीवर व्हीडीआय छापलंय ना, ते मॉडेलचं नाव कंपनीच्या कागदावरनं येतं, शोरूमचा पोरगा मनानं टाकत नाही. चूक होऊच शकत नाही असं मी म्हणत नाही, पण झेडडीआयचे पैसे घेऊन कुणी व्हीडीआयचा कागद घेतला असता का, पहिल्या मालकानंच भांडण काढलं असतं.

आणखी एक, गाडी चावी फिरवून सुरू होते का बटणानं? २०१४ च्या ऑक्टोबरात फेसलिफ्ट, म्हणजे त्याच बॉडीत थोडे बदल केलेली गाडी आली, त्यानंतर झेडडीआयला बटण स्टार्ट यायला लागलं.

कळंबेकर_०९

चावी फिरवून सुरू होते दादा. 😐 बटण न्हाई कुठं.

निपाणी_जंक्शन

माझ्याकडं रॅपिड हाय, स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांना ह्यात जरा सोपं पडतंय म्हणून लिहितो, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. डिकीतला गालिचा उचलायचा, स्पेअर व्हील असतंय त्या खड्ड्याजवळ एक पांढरा कागदी स्टिकर चिकटवलेला असतोय, तसाच एक सर्व्हिस बुकात पण असतोय. त्यावर वर चेसिस नंबर, मग इंजिन आणि गिअरबॉक्सचं कोड, पेंटचं कोड, आणि खाली तीन-तीन अक्षरांची रांगच्या रांग. त्याला पीआर कोड म्हणत्यात. प्रत्येक तीन अक्षरं म्हणजे एक वस्तू. उदाहरण सांगतो, ३एफए असलं की सनरूफ न्हाई, ८टी२ असलं की क्रूझ कंट्रोल हाय, ८टी० असलं की न्हाई. म्हणजे गाडीत काय न्हाई ते पण लिहिलेलं असतंय, हे मला लय आवडलं. आमच्या इथल्या एका पोरानं क्रूझ कंट्रोलची स्टेअरिंगजवळची दांडी बाहेरनं बसवून घेतली आणि विकताना कंपनी फिटेड म्हणून सांगितलं, घेणाऱ्यानं स्टिकर बघितला तर ८टी०. तिथंच विषय मिटला.

बीएमडब्ल्यूला पण असंच तीन अंकी कोड असत्यात, त्यांची यादी चेसिस नंबरवरनं निघती आणि ती बऱ्यापैकी बरोबर असती. मारुती, ह्युंदाईला असला स्टिकर मी तरी बघितला न्हाई, तिथं ॲडव्हायझर दादा म्हणत्यात तसं वर्कशॉपच.

एक लक्षात ठेव, स्टिकरवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर जुळतोय का ते बघायचं. डिकीचं पत्र्याचं काम झालं असलं तर स्टिकर गायब असतोय, मग का गायब ते विचारायचं.

उद्यमनगर_वायरिंग

मी गाड्यांचं वायरिंगचं काम करतो, एअरबॅगचं प्रत्यक्ष कसं बघायचं ते सांगतो कारण कागदावर झेड असलं तरी बॅग जागेवर हाय का हा वेगळा प्रश्न हाय. धडक झालेल्या गाडीत बॅग उघडून गेल्यावर नवीन सेट महाग पडतो म्हणून नुसतं कव्हर लावून देणारे लोक हायत, मी डोळ्यानं बघितलंय.

एक, स्टेअरिंगचं ते कव्हर काढायला लाव. काढत न्हाई म्हटला तर उत्तर मिळालं तुला. मधल्या पॅडवर आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एसआरएस एअरबॅग अशी अक्षरं साच्यातनंच उमटलेली असत्यात, चिकटवलेली नसत्यात. नखानं घासून बघ.

मग चावी फिरवून फक्त इग्निशन ऑन कर, इंजिन सुरू करू नको. मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे, थोडे सेकंद थांबून आपला आपण विझला पाहिजे. विझलाच न्हाई तर सिस्टीममध्ये फॉल्ट. आणि लागलाच न्हाई तर त्याहून वाईट, एकतर सिस्टीमच न्हाई न्हाईतर कुणीतरी दिवा बंद करून ठेवलाय. काही जण ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडून ठेवत्यात, ते सुरू केल्यावर बरोबर विझतो आणि माणूस फसतो. म्हणून इंजिन सुरू न करता बघ, आपला आपण विझतो का ते.

एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर पिवळ्या रंगाचे असत्यात, खाली वाकून टॉर्च मारून नुसतं बघायचं. बघायचं म्हणजे बघायचंच, हात घालायचा न्हाई, मल्टिमीटर तर अजिबात लावायचा न्हाई, चुकीचा करंट गेला तर बॅग तोंडावर उघडती.

शेवटी चांगल्या गॅरेजमधलं स्कॅनर लावायला सांग, एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे तिचा कॉम्प्युटर, बोलतंय का ते कळतं. ऑनलाइन हजारभर रुपयाला मिळतो तो ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर ह्याला चालत न्हाई, तो बहुतेक फक्त इंजिनशी बोलतो. त्याचा उपयोग एवढाच की बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या कॉम्प्युटरातला चेसिस नंबर तो वाचून दाखवतो, तो आरसीशी जुळतोय का बघायचं. जुन्या गाड्यांत कधी नंबर येतच न्हाई, म्हणून नंबर आला न्हाई तर घाबरायचं कारण न्हाई, दुसराच आला तर मात्र थांबायचं.

कळंबेकर_०९

वायरिंग दादा लय उपकार. उद्याच जातो. आणि ठोकलेला चेसिस नंबर खरा हाय का कसं ओळखायचं? कन्सल्टंटनं बॉनेट उघडून दाखवला पण तिथं ग्रीस आणि धूळ, मला ० हाय का ओ हाय तेच कळंना.

जुना_ॲडव्हायझर

ओ नसतोच. चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होतो म्हणून. तेव्हा गोल दिसलं की शून्यच समजा. कुणी आरसीच्या झेरॉक्सवर ओ लिहून दिला असेल तर ऑनलाइन टाकताना तिथं शून्य टाका, निम्म्या वेळा त्यामुळंच 'सापडत नाही' म्हणून येतं.

ठोकलेला नंबर बघायला कपड्यानं पुसून त्यावर पातळ पांढरा कागद धरा आणि पेन्सिलीनं आडवं घासा. ट्रान्सफरला फॉर्म ३० वर तोच छाप लावायला लागतो त्यामुळं मालकानं नाही म्हणायचं कारण नाही. कागदावर अक्षरं उठतील ती एका ओळीत, एका उंचीची, मधलं अंतर सारखं असलं पाहिजे. एखादं अक्षर खाली सरकलेलं, जास्त खोल, किंवा आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा, नवीन रंगाचा पट्टा दिसला तर पुढं जाऊ नका. काचांवर पण बारीक कोपऱ्यात काच कंपनीचं नाव आणि वर्षाची खूण असते, सीट बेल्टच्या पट्ट्यावर खाली टॅग असतो त्यावर तारीख असते. गाडी २०१६ ची आणि एकच काच किंवा एकच बेल्ट नंतरचा असेल तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारा.

राजारामपुरी_विमा

मी इन्शुरन्सचं काम करते. एक सोपा रस्ता कुणी लिहिला नाही म्हणून सांगते. आधीच्या पॉलिसीचा कागद मागून घ्या. त्यावर मेक, मॉडेल, व्हेरियंट, चेसिस नंबर, इंजिन नंबर सगळं असतं, आणि बाहेरून बसवलेल्या वस्तूंसाठी इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज असा वेगळा रकाना असतो. तिथं व्हीडीआय असेल तर इतकी वर्षं मालक व्हीडीआयचाच हप्ता भरत आलाय, म्हणजे त्याला स्वतःला माहिती आहे. नो क्लेम बोनस शून्य असेल तर मागच्या वर्षी क्लेम झाला असू शकतो, ते पण विचारा.

आणि झेडडीआय समजून पैसे दिले तरी विमा कागदावरच्या मॉडेलचाच उतरणार, क्लेमच्या वेळी ती किंमत धरली जाते. ते अलॉय आणि स्क्रीन पॉलिसीत लिहिलेले नसतील तर चोरीला गेल्यावर त्याचं काही मिळत नाही.

कळंबेकर_०९

जाऊन आलो, सांगतो काय झालं ते. स्टेअरिंगचं कव्हर काढायला कन्सल्टंट आधी नको म्हणाला, शिवण उसवल म्हणाला. मी म्हटलं उसवलं तर नवीन घालून देतो. काढलं, खाली साधा पॅड, एसआरएस वगैरे काय न्हाई. डाव्या बाजूला पण कोरं. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागलाच न्हाई. तरी म्हणतो दिव्याचा बल्ब गेला असंल.

मालकाचा नंबर मागून घेतला, माणूस चांगला निघाला, स्वतः वर्कशॉपला आला. तिथं नंबर टाकल्यावर स्पष्ट व्हीडीआय आलं, ओ पण न्हाई. मालक म्हणाला मी कधीच झेड म्हणून सांगितलं न्हाई, अलॉय आणि स्क्रीन मी स्वतः बसवून घेतलेत. चेसिसचा छाप मात्र एकदम बरोबर, किलोमीटर पण जुळले. गाडी प्रामाणिक हाय, सांगणारा न्हाई.

आता कन्सल्टंट भाव कमी करतो म्हणालाय, आणि वर एअरबॅग बसवून देतो असं पण म्हणालाय. बसवता येतात का खरंच?

उद्यमनगर_वायरिंग

न्हाई. त्यात पडूच नको. नुसती बॅग बसवून चालत न्हाई, मॉड्यूल, पुढचे सेन्सर, स्टेअरिंगमधली फिरती वायर, ताणणारे सीट बेल्ट, डॅशबोर्ड सगळं त्या गाडीसाठी जुळवलेलं असतंय. किती मिलिसेकंदाला उघडायची हे कंपनीनं गाड्या आपटून ठरवलेलं असतंय. माझ्याकडं कुणी हे काम घेऊन आलं तर मी घेत न्हाई.

कळंबेकर_०९

मग सोडली. मालकाला फोन करून सांगितलं, त्याला पण पटलं. आता २०१८ ची व्हीएक्सआय पेट्रोल एक बघितलीय शिरोलीकडं, तिच्यात दोन्ही बॅग असतात ना?

जुना_ॲडव्हायझर

२०१८ च्या फेब्रुवारीत आलेल्या नवीन बॉडीत दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) सगळ्या मॉडेलला आहेत, सगळ्यात खालच्या एलएक्सआयला सुद्धा. पण २०१८ चं पासिंग म्हणजे नवीन बॉडी असं धरू नका, जुन्या बॉडीच्या शिल्लक गाड्या पण त्या वर्षी पासिंग झालेल्या असू शकतात. आरसीवर उत्पादनाचा महिना बघा. आणि लांबनं ओळखायचं तर मागच्या दाराचं हँडल वर काचेच्या शेजारी खांबात असेल तर नवीन, दाराच्या मधे नेहमीच्या जागी असेल तर जुनी. दिव्याची आणि चेसिसच्या छापाची तपासणी ह्या गाडीला पण तशीच करा, आणि वर्कशॉपमध्ये गेलाच आहात तर त्याच नंबरवर कुठला रिकॉल, म्हणजे दोष काढायला कंपनीनंच गाडी परत बोलावलेली, बाकी आहे का तेही विचारून घ्या, ते काम कंपनी फुकट करून देते.