रक्त ‘भरून येते’ की ‘भरून निघते’?

कोशकिडा:
पशुपालकांसाठीच्या एका पुस्तिकेच्या भाषांतरात मी ‘रक्तस्त्रावानंतर मोठ्या जनावराचे रक्त दोन-तीन दिवसांत भरून येते’ असे लिहिले होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी समासात ‘चूक! काही आठवडे’ असा शेरा मारला आहे. जखम भरून येते, नुकसान भरून निघते. मग रक्ताचे काय होते?

गोठेवाला:
दोघेही बरोबर आहात. रक्त गेल्यावर पेशींभोवतीचे पाणी रक्तवाहिन्यांत पाझरते आणि एक ते तीन दिवसांत रक्ताचे आकारमान पूर्ववत होते, पण ते रक्त पातळ असते. ‘रक्ताचे पाणी होणे’ हा वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा ठरतो. तांबड्या पेशी मात्र मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा निरोप आल्यावर अस्थिमज्जेत नव्याने घडवाव्या लागतात, आणि माणसात त्याला चार ते आठ आठवडे लागतात. म्हणून आकारमान ‘भरून येते’, पेशींची तूट ‘भरून निघते’.

शुद्धमती:
हा भेद आपण आत्ता निर्माण केलात. आभाळ आणि ऊर भरून येतात, तिथे कोणती तूट असते? शिवाय धातू ‘स्रु’ असल्याने शब्द ‘रक्तस्राव’ आहे, त्यात ‘त’ कुठून शिरला?

गोठेवाला:
तो ‘त’ निम्म्या महाराष्ट्राच्या जिभेवर आहे, तो राहू द्यावा.

वारसा:
नवजातांना ही दोन्ही क्रियापदे लावताना जपावे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम पाव लिटर रक्त असते, त्यामुळे पंचवीस मिलिलिटर गेले तरी दहावा हिस्सा गेला. त्यातच जन्मानंतर प्राणवायू मुबलक मिळू लागल्याने एरिथ्रोपोएटिन घटते आणि निरोगी बाळाचेही हिमोग्लोबिन दोन-तीन महिने उतरत जाते. डुकराच्या पिलाला तर हिमोग्लोबिन घडवायला रोज सुमारे 7 मिलिग्रॅम लोह लागते, दुधातून जेमतेम 1 मिळते. म्हणून पहिल्या काही दिवसांतच लोहाचे इंजेक्शन देतात. माझी आजी सुईणपण करायची. नाळेचे ठोके थांबेपर्यंत ती नाळ कापू देत नसे आणि ‘वारेतले रक्त बाळाचेच आहे, त्याला पोचू दे’ म्हणे. तिच्या बोलण्यात भरून येणे नव्हते, पोचणे होते.

शुद्धमती:
‘पोचणे’ की ‘पोहोचणे’?

कोशकिडा:
पुस्तिका उद्या छपाईला जाते आहे. डॉक्टरांना काय कळवू?