बर्लिनचा बंद पडलेला आकाशपाळणा

बंद पडलेल्या, ओसाड पार्कांत कुंपणावरून उडी मारून जाण्यातच खरी मजा, असं काही जण म्हणतात. असेल बुवा! मी बर्लिनच्या श्प्रेपार्क या बंद पडलेल्या करमणूक-पार्कला रीतसर वाटाड्याबरोबर गेले होते, आणि माझं काही अडलं नाही. उलट गंजलेला पत्रा पायात जाण्याची धास्ती कमी.

हे पार्क १९६९ला पूर्व जर्मनीत सुरू झालं, भिंत पडल्यावर खासगी मालकाकडे गेलं आणि २००१च्या हंगामानंतर दिवाळं वाजलं. पुढची कथा तर भन्नाट. मालक काही पाळणे बोटीत घालून पेरूला गेला. तिथला धंदा बसला, आणि २००३मध्ये त्यातल्याच एका पाळण्याच्या खांबात १६७ किलो कोकेन सापडलं. तुरुंगवारी ओघाने आलीच.

फोटोंचं म्हणाल तर सगळे त्या ४५ मीटर उंच आकाशपाळण्याच्या मागे लागायचे. मीही लागले. वारा सुटला की तो एवढा अजस्र सांगाडा कण्हल्यासारखा करकरायचा, ते फोटोत कुठून येणार? मला आवडलेला फोटो वेगळाच आहे: गवतात कुशीवर आडवा पडलेला फायबरचा डायनोसॉर, पोटाला भोक, आणि आत कोणीतरी टाकलेली बिअरची बाटली. ढगाळ दिवस होता, त्यामुळे गंज आणि शेवाळ दोन्हींचे रंग छान उठले.

आकाशपाळणा २०२१मध्ये उतरवला, दुरुस्त करून पुन्हा उभारायचं ठरवून. म्हणजे ती करकर आता गेलीच.