मीटरभर मोकळं पाणी पुरत नाही

'होडीला मीटरभर पाणी लागतं, खाडीच्या तोंडाशी वाळूवर दोन मीटर आहे, मग भीती कसली?' हा हिशेब शांत पाण्यात बरोबर आहे. लाटा असतील तर तो घात करेल. खोली लाटेच्या उंचीच्या साधारण 1.3 पट उरली की लाट फुटते, म्हणजे दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यातच कोसळणार. शिवाय दोन लाटांमधल्या खळग्यात पाणी आणखी खाली जातं आणि सुकाणू वाळूला लागतं.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. समुद्राकडून किनाऱ्याकडे येताना फुटणारी लाट दिसतच नाही, दिसते तिची गुळगुळीत पाठ. फेस सगळा पलीकडच्या अंगाला. वर्सोव्याच्या खाडीच्या तोंडाशी आम्ही असेच ओहोटीला आत शिरत होतो. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा होता, त्याने एका लाटेच्या माथ्यावरचे तुषार मागे, आमच्या दिशेने उडवले. पाणीही चहासारखं गढूळ झालेलं, म्हणजे लाटा तळ ढवळत होत्या. सोबतचा तांडेल (होडीचा प्रमुख) एवढंच म्हणाला, "फिरव, आत्ताच." खोल पाण्यात जाऊन थांबलो आणि भरती चांगली चढल्यावर आत आलो. खाडीतून बाहेर पडणारं ओहोटीचं पाणी समोरच्या लाटांना उभं करतं, म्हणून तीच जागा भरतीला वेगळी वाटते. मुंबईत उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) भरती-ओहोटीत 4 मीटरहून जास्त फरक पडतो आणि त्यातलं जवळजवळ निम्मं पाणी साधारण सहा तासांच्या ओहोटीतल्या मधल्या दोन तासांत उतरतं. तेव्हा सकाळी पाहिलेली खोली दुपारी धरून चालू नका.