लॅब्राडोरची कामाची ओळ: नातीला आजोबाचाच जोड द्यावा का?

प्रश्न: शिकारीत पाडलेले पक्षी उचलून आणणाऱ्या लॅब्राडोरांच्या आमच्या ओळीची (वंशाची) तिसरी पिढी चालू आहे. आजोबा कुत्रा पक्षी तोंडात अगदी अलगद धरून आणतो, पाण्याला कचरत नाही. त्याच्या तीन वर्षांच्या नातीला त्याचाच जोड दिला तर गुण पक्के होतील का?

उत्तर १: गुण पक्के होतात, तसेच दोषही. या जोडात अंतःप्रजननाचा गुणांक (पिल्लाला एकाच पूर्वजाचं तेच जनुक आई-बाप दोघांकडून मिळण्याची शक्यता) १२.५ टक्के येतो, सावत्र भावंडांच्या जोडाइतका. पळून पळून मागचे पाय लटपटण्याचा दोष (ईआयसी) दबून राहतो: एकाच पालकाकडून आला तर दिसत नाही, पण कुत्रा त्याचा वाहक होतो. दोघंही वाहक असतील तर सरासरी चारातलं एक पिल्लू बाधित निघतं. आधी डीएनए चाचणी करा. मात्र वाहक कुत्री बाद करू नका, तिला निर्दोष नर द्या. चांगल्या माद्या अशा गाळत गेलात तर ओळच आकसते.

उत्तर २: नातीचं तोंड तपासलंत का? तिने आणलेल्या पक्ष्याच्या फासळ्या अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून चाचपा. एकच बाजू खचलेली असेल तर ती पडताना लागलेली असू शकते. दोन्ही बाजू चिरडलेल्या, आणि तेही वारंवार, तर तोंड कठीण आहे, म्हणजे ती पक्षी दाबून चिरडते. अशी मादी कितीही वेगवान असो, जोड नकोच. खुब्यांचे एक्स-रे दोन वर्षांनंतरचेच धरा.

उत्तर ३: आजोबाच्या सख्ख्या भावाचा नातू बघा. इतर नातं नसेल तर गुणांक दीड टक्क्याच्या आसपास राहतो. आजोबाचं वीर्य आत्ताच गोठवून ठेवा, वयाबरोबर त्याचा दर्जा घसरतो.