विहिरीतला बिनडोळ्यांचा जीव नवीन प्रजाती आहे का, हे ठरवतात कसं?

लॅबवाला

नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, त्यामुळे मायक्रोस्कोप हाताशी असतो. घरी जांभ्यात खोदलेली विहीर आहे. पंपाच्या नळाला आई जुन्या लुगड्याचा चौपदरी फडका बांधते. तिच्या सासूने लावलेली सवय.

गेल्या रविवारी तो फडका धुताना काय वाटलं कुणास ठाऊक, धुवण पेट्री डिशमध्ये घेतलं आणि लेन्सखाली धरलं. वाळू, मुळांचे तुसे, आणि त्यात दोऱ्याच्या तुकड्यासारखं पांढरं काहीतरी वळवळत होतं. आधी जंत वाटला, रोज तेच बघायची सवय ना. मोठं करून पाहिलं तर पाय! अंग पेरापेरांचं, शेपटीला दोन फाटे, डोळा कुठेच नाही. लांबी ०.४२ मिलिमीटर. आठवडाभर फडका पिळून अकरा गोळा केलेत, फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेत. फोटो जोडलाय.

पुस्तकातला सायक्लॉप्स असा नसतो एवढं कळतं. मग हे नवीन आहे का? आणि असलं तर ते जाहीर कोण करतं? मनात आलंय की आईचं नाव द्यावं. फडका तिचा आहे.

पाणकिडी

दादा, सगळ्यात आधी ती फॉर्मॅलिनची बाटली लांब ठेवा. आकार टिकतो, पण डीएनएची वाट लागते. पुढचे जे मिळतील ते ९५-९६ टक्के अल्कोहोलमध्ये टाका. ड्रेसिंगचं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं.

मी अशाच जिवांवर पीएचडी केली, आता पुण्यात कॉलेजात शिकवते. तुमचा फोटो धूसर आहे, पण हा कोपेपॉड आहे हे नक्की, म्हणजे खेकडा-कोळंबीच्या कवचधारी वर्गातला बारीक जलचर. सायक्लॉप्सचा भाऊबंद, तो मात्र नव्हे. सायक्लॉप्स पुढून रुंद आणि मागे निमुळता असतो, कपाळावर लाल ठिपक्यासारखा एकच डोळा. तुमचा जीव पुढून मागून सारखाच बारीक आहे, गव्हाच्या शेवयीसारखा. ही हारपॅक्टिकॉइड गटाची ठेवण. वाळूच्या कणांमधल्या फटीत राहायचं तर अंग असंच लागतं. माझा अंदाज पॅरास्टेनोकॅरिस किंवा त्याच्या घराण्यातला कुणी. फोटोवरून यापुढे बोलणार नाही.

आता मुद्दा. आंधळा आणि पांढरा आहे म्हणून नवीन, असं नसतं. अंधारात राहणाऱ्या बहुतेकांचे डोळे आणि रंग जातातच. ‘हा नवीन आहे का’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि ‘आजवर नोंदलेल्यांपैकी हा कोण आहे’ असं विचारायला लागा. या घराण्यातल्या एकेका प्रजातीशी ताडून बघायचं, आणि कुणाशीच जमलं नाही तर मग नवीन. माझा निम्मा वेळ मायक्रोस्कोपवर गेला असेल, निम्मा जुने जर्मन आणि फ्रेंच लेख लावण्यात. भूजलातल्या कवचधारी जिवांचा अभ्यास युरोपात जुना. बॅथिनेला नातान्स हा प्राणी व्हेयडोव्स्कीने १८८२ मध्ये प्रागच्या एका विहिरीतून वर्णिला. आपल्याकडे हे काम नेटाने केलं ते आंध्रात, नागार्जुन विद्यापीठाच्या वाय. रंगा रेड्डींनी. कृष्णा-गोदावरीच्या वाळूतून आणि तिथल्या विहिरींतून त्यांनी कितीतरी प्रजाती नोंदल्या. तुमची तुलना तिथून सुरू होईल.

आणि नर लागणार. नुसत्या माद्यांवर भागत नाही. या घराण्यात नराचा तिसरा पाय चिमट्यासारखा झालेला असतो, अंगठा आणि बोट असावं तसा, आणि त्या चिमट्याच्या घडणीवरूनच बऱ्याचदा प्रजाती ओळखतात. चौथ्या पायाच्या आतल्या फांदीवरचे बारीक काटेही बघायचे. तुमच्या अकरांत नर किती, ते आधी मोजा.

मग विच्छेदन. प्राणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान, त्याचा एकेक पाय सोडवून वेगळ्या कव्हरस्लिपखाली ठेवायचा. ग्लिसरीनच्या थेंबात. हो, ग्लिसरीनच. तुमच्या लॅबमधलं घट्ट होणारं डीपीएक्स नको, त्यात एकदा बसला की पुन्हा फिरवून बघता येत नाही. कडेने नेलपॉलिश लावून स्लाइड बंद करायची. सुया म्हणजे कीटकशास्त्रवाल्यांच्या सगळ्यात बारीक टाचण्या, मी त्या आइस्क्रीमच्या काडीला चिकटवते. पंखा बंद. मे महिन्यात, पुण्यात, घामाचा थेंब स्लाइडवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधून मी बसायचे. माझ्या पहिल्या नमुन्यात नर एकच होता. त्याचा चौथा पाय सुटला, सुईला चिकटला, आणि मला शिंक आली. तो पाय अजून प्रयोगशाळेत कुठेतरी आहे. पुढचा नर मिळायला दीड वर्ष लागलं, कारण मधे ती विहीर आटली.

पाय मिळाला की १०० च्या ऑइल इमर्शनखाली चित्र काढायचं. कॅमेरा ल्युसिडा (मायक्रोस्कोपमधलं दृश्य कागदावर गिरवायचं साधन) असेल तर उत्तम, नसेल तर फोटोवर टॅब्लेटने गिरवा. प्रत्येक रोम, प्रत्येक काटा जागच्या जागी. पायांचा तक्ताही द्यायचा: काटे रोमन आकड्यात, रोम साध्या आकड्यात. एक रोम जास्त मोजलात तर दहा वर्षांनी कुणीतरी तेवढ्यावरून तुमची प्रजाती मोडीत काढेल.

नावाचं बघू नंतर. आधी नर.

घाटावरचा

ताई, बाकी सगळं ठीक, पण हे लोक ते पाणी पितायत! नारू, तो पायातून निघणारा लांब जंत, सायक्लॉप्समधूनच पसरायचा ना? आमच्या आजोबांच्या पायातून काडीवर गुंडाळून काढलेला, ते वर्णन ऐकूनच मी लहानपणी जेवलो नव्हतो.

पाणकिडी

बरोबर, सायक्लॉप्समधूनच. पण भारतातला शेवटचा नारूचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. त्यात कापडाने पाणी गाळण्याचा मोठा वाटा होता, म्हणजे दादांच्या आजीची सवय अगदी शास्त्रशुद्ध. जुन्या सुती साडीच्या चार-आठ घड्या घातल्या की साधारण २० मायक्रॉनची गाळणी होते. पटकीसाठी (कॉलरा) बांगलादेशात हे तपासून पाहिलंय, कारण पटकीचे जंतू अशाच जिवांच्या अंगाला चिकटून असतात. या विहिरीतले जीव वाळूवरचा जिवाणूंचा थर खरवडून खातात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. पाणी मात्र उकळूनच प्यावं, ते किड्यासाठी नव्हे.

मुंबैकर

कवचधारी नाही, पण आठवलं म्हणून. जोगेश्वरीत अंध मुलांच्या शाळेच्या आवारातल्या विहिरीत आंधळी वाम निघाली होती. २०२१ मध्ये तिचं नाव ‘मुंबा’ ठेवलं. अंधशाळेतच आंधळा मासा! केरळात विहिरीतल्या एका माशाला ‘भुजिया’ नाव दिलंय, फरसाणातल्या शेवेसारखा दिसतो म्हणून. तेव्हा दादा, लॅटिनला घाबरू नका.

लॅबवाला

ताई, मोजले. अकरांत नर दोन! तिसऱ्या पायाला खरंच चिमटा आहे, फोटो जोडलाय. पण दोन्ही फॉर्मॅलिनमधलेच.

एक घाईही आहे. पावसाळ्यापूर्वी गावातल्या विहिरींत टीसीएल पावडर (जंतू मारायची क्लोरीनची) पडते. आमची खाजगी असली तरी जलसुरक्षक येऊन टाकून जातो, आणि ते त्याचं कामच आहे. त्याआधी काय काय करू?

आणि नाव?

पाणकिडी

फोटो बघितला. चिमट्याचा अंगठा बोटापेक्षा लांब दिसतोय, हे मला ओळखीचं वाटत नाही. याचा अर्थ एवढाच की मला ओळखीचं नाही.

फॉर्मॅलिनमधले दोन चित्रांसाठी चालतील. डीएनएसाठी ताजे हवेत. पावडर पडायच्या आत रोज रात्रभर फडका बांधा, सकाळी अल्कोहोलमध्ये धुवा, बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका: गाव, विहीर, तारीख, पाण्याचं तापमान. शाई अल्कोहोलमध्ये जाते. शेजारच्या तीन-चार विहिरींतही बघा. खालच्या अंगाला वहाळ असेल तर काठच्या वाळूत हातभर खड्डा करा, पाणी झिरपू द्या, मग वाटीने काढून गाळा. जुनी युक्ती आहे, पैसे लागत नाहीत.

जाहीर करणारं कुणी ऑफिस नसतं. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्या नियमांनी वर्णन छापून आलं की नाव लागू झालं. इतरांपासून वेगळेपण कशात ते शब्दांत लिहावं लागतं, आणि एकच नमुना ‘होलोटाइप’ म्हणून नेमावा लागतो. बाकीचे पॅराटाइप. लेख फक्त ऑनलाइन निघत असेल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी लागते. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नेमून दिलेल्या भांडारात द्यायचा असतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, मी घेऊन जाईन. तुमच्या कपाटात ठेवायचं नाही ते.

लेखात लेखक म्हणून तुमचं नाव असेल, हे आत्ताच सांगते. म्हणूनच स्वतःचं नाव प्रजातीला देऊ नका, नियमात मनाई नाही पण लोक हसतात. आईचं देता येईल. बाईचं नाव असेल तर शेवटी ‘-ए-ई’ ही अक्षरं लागतात, पुरुषाचं असेल तर ‘आय’. गावाचं असेल तर ‘-एन्सिस’.

लॅबवाला

काल रात्री फडक्यात सहा आले, त्यात एक नर. शेजारच्या विहिरीत काहीच नाही, वहाळाच्या वाळूत दोन माद्या. चिठ्ठ्या पेन्सिलने लिहिल्यात. बाटल्या मंगळवारी एसटीने येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवतो.

आईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, “मेल्या, माजा नाव किड्याला कशाला? विहीर खणली तुज्या आज्याने, त्याचा दे.” मग थोड्या वेळाने स्वतःच विचारलं, “दिसतो कसा तो?” लॅबमध्ये नेऊन दाखवला. बराच वेळ एक डोळा मिटून बघत होती. तेव्हापासून फडका मला धुवू देत नाही, स्वतःच पेट्री डिशमध्ये पिळते.

आजोबांचं नाव सखाराम. त्याला ‘आय’ कसा लावायचा, तेवढं सांगा.