एलएनएच्या आधीचा सॉ फिल्टर: काढून टाकायचा की ठेवायचा?

पाव_आवर्तन
विषय जुनाच आहे, पण एकदा नीट भांडून घेऊ. फोनच्या रिसीव्हरमध्ये अँटेना आणि एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा, कमी नॉइजचा पहिला ॲम्प्लिफायर) यांच्यामध्ये दर बँडसाठी वेगळा फिल्टर बसतो, सॉ (पृष्ठभागावरच्या ध्वनिलहरींवर चालणारा) किंवा वरच्या बँडना बॉ (पदार्थाच्या आतल्या ध्वनिलहरींवर चालणारा). बँड वाढले की फिल्टर वाढतात, फिल्टर वाढले की स्विच वाढतात आणि प्रत्येक स्विच आपला वाटा खातो. फिल्टर चिपमध्ये बनत नाही, बाहेरून बसवावा लागतो. तो २ ते ३ डीबी (डेसिबल) खातो, आणि फ्रिसच्या सूत्राप्रमाणे पहिल्या टप्प्याआधीचा लॉस जसाच्या तसा नॉइज फिगरमध्ये, म्हणजे रिसीव्हर स्वतः किती नॉइज घालतो त्या मापात, चढतो. एलएनए दीड डीबीवर आणायला महिनोन्महिने घासायचं आणि त्याच्या दारातच अडीच डीबी सांडायचे, हे मला पटत नाही.

माझं म्हणणं: फिल्टर काढा, एलएनएसुद्धा काढा. अँटेनाला थेट पॅसिव्ह मिक्सर (सिग्नल न वाढवता फक्त खालच्या फ्रीक्वेन्सीला आणणारा) जोडा. चार स्विच, प्रत्येक पाव आवर्तन चालू, मागे कपॅसिटर. बेसबँडचा (खाली आणलेल्या सिग्नलच्या बाजूचा) लो-पास इम्पिडन्स स्विचमधून उलटा आरएफ बाजूला, म्हणजे अँटेनाकडे दिसतो आणि एलओभोवती (स्विच चालवणाऱ्या लोकल ऑसिलेटरच्या फ्रीक्वेन्सीभोवती) अरुंद बँडपास तयार होतो. एलओ सरकवला की फिल्टरही सरकतो. एन-पाथची, म्हणजे अशा आळीपाळीने चालणाऱ्या समांतर वाटांची, ही कल्पना बेल लॅब्जमधून १९६० साली मांडली गेली. तेव्हा गिगाहर्ट्झला चालणारे स्विच नव्हते, आज आहेत.

डुप्लेक्सर_भक्त
एकदम असहमत. एफडीडीत (बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी, वेगळ्या फ्रीक्वेन्सींवर) तुमचाच ट्रान्समीटर तुमच्याच कानाशी ओरडत असतो, त्याचं काय? अँटेनाला २३ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डीबी) द्यायचे म्हणजे डुप्लेक्सरच्या (दोन्ही दिशा वेगळ्या ठेवणाऱ्या जोडफिल्टरच्या) तोंडाशी २५ तरी हवेत. डुप्लेक्सर ५५ डीबी आयसोलेशन देतो म्हणून रिसीव्हरकडे उणे ३० डीबीएमच पोचतात. तुमच्या स्विचचा रेझिस्टन्स ५ ओहम आणि अँटेना ५० ओहम. म्हणजे कितीही मोठा कपॅसिटर लावा, दाबण्याची हद्द १५-२० डीबीपाशी संपते. उरलेले ३५ कुठून आणणार?

एक अनुभव सांगतो. आमच्या एका बोर्डवर ट्रान्समीटर चालू केला की संवेदनक्षमता ६ डीबीने पडायची. आधी सगळे सिंथेसायझरच्या (एलओ बनवणाऱ्या सर्किटच्या) मागे लागले. मग नेटवर्क ॲनलायझर लावून डुप्लेक्सरच मोजला. डेटाशीटमध्ये ५५, बोर्डवर ४७. त्याच्या पोटाखाली ट्रान्समिट आणि रिसीव्ह बाजूंचं ग्राउंड वरच्या थरात एकाच तांब्याच्या पट्टीने जोडलेलं होतं. कटरने ती पट्टी कापली आणि ५ डीबी तिथल्या तिथे परत आले! डायरेक्ट कन्व्हर्जनमध्ये (सिग्नल एकाच पायरीत बेसबँडला आणणाऱ्या रिसीव्हरमध्ये) दुसऱ्या क्रमाची विकृती थेट बेसबँडवर येऊन बसते, आणि गळती १ डीबीने वाढली की ती २ डीबीने वाढते. ८ डीबीच्या चुकीचे १६ झाले होते. आणि तुम्ही तर अख्खा डुप्लेक्सरच काढायला निघालात.

पाव_आवर्तन
डुप्लेक्सर काढा असं मी कुठे म्हटलं? बरं, म्हटल्यासारखं झालं खरं, ते मागे घेतो. पण जीएसएमचं उदाहरण बघा. बँडबाहेरचा ब्लॉकर (नको असलेला जोरदार सिग्नल) ० डीबीएम. ५० ओहमवर म्हणजे ०.६३ व्होल्ट पीक-टू-पीक. १५ डीबी गेनच्या एलएनएतून साडेतीन व्होल्ट निघायला हवेत आणि सप्लाय १.२ व्होल्ट! फिल्टर काढला की व्होल्टेज गेनवाला एलएनए मेलाच. मिक्सर आधी ठेवला तर ब्लॉकरला व्होल्टेज वाढवायची जागाच मिळत नाही.

एलओची_कटकट
साडेतीन व्होल्टचं गणित बरोबर आहे, पण तुम्ही दुखणं बरं केलेलं नाही, एलओकडे ढकललंय. इच्छित सिग्नल उणे ९९ डीबीएम, एसएनआर (सिग्नल-नॉइज गुणोत्तर) ९ डीबी हवा, म्हणजे नॉइज उणे १०८ च्या खाली. २०० किलोहर्ट्झच्या चॅनेलचे ५३ डीबी वजा करा. ० डीबीएम ब्लॉकरसाठी एलओचा फेज नॉइज (त्याच्या फेजची थरथर) उणे १६१ डीबीसी (मूळ टोनच्या तुलनेत डीबी) प्रति हर्ट्झ लागतो. बँडमधल्या उणे २३ डीबीएमच्या ब्लॉकरला ३ मेगाहर्ट्झवर उणे १३८ पुरतो. हा २३ डीबीचा फरक एलओ बफरच्या करंटमधून भरायचा. फिल्टरचे पैसे वाचले, बॅटरीने दिले.

आणि चार फेजचा मिक्सर तिसरा हार्मोनिकसुद्धा मन लावून ऐकतो. ९०० मेगाहर्ट्झ ऐकताना २७०० चा सिग्नल जेमतेम साडेनऊ डीबी कमी होऊन आत येतो. आठ फेज केल्या की तिसरा-पाचवा कटतो, पण मिसमॅच असेल तेवढा उरतोच, शिवाय एलओला दुप्पट कष्ट. एलएनए नाही म्हणजे मागे अडवणाराही कोणी नाही, एलओ अँटेनातून बाहेर सांडतो ते वेगळंच.

नवा_भिडू
टीडीडीबद्दल कोणीच का बोलत नाही? ५जीचा एन७८ बँड, म्हणजे ३३०० ते ३८०० मेगाहर्ट्झ, टीडीडीच आहे. बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी नसतं, डुप्लेक्सर लागतच नाही. शिवाय बँड १ ला १० मेगाहर्ट्झ एलटीईची (४जीची) संवेदनक्षमतेची अट उणे ९७ डीबीएम आहे, ती काढताना नॉइज फिगर ९ डीबी धरलाय. एवढी सवलत असताना एक-दोन डीबीवरून भांडण कशाला?

डुप्लेक्सर_भक्त
९ डीबी म्हणजे काठावर पास. सेलच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला तो निकाल कळतो. टीडीडीत डुप्लेक्सर नको हे मान्य, पण त्याच फोनमध्ये शेजारी वाय-फाय आणि दुसऱ्या बँडचा ट्रान्समीटर चालू असतो. ते तुमच्या टाइमस्लॉटची वाट बघत नाहीत.

पाव_आवर्तन
ठीक. एफडीडीत डुप्लेक्सर राहू दे, टीडीडीवर माझा हट्ट कायम. हार्मोनिकचा मुद्दा मात्र टोचला. माझ्याकडे आठ फेजचा बोर्ड आहे, त्यावर मी आजवर फक्त एलओजवळचे ब्लॉकर मोजलेत. २७०० चा टोन टाकून बघतो आणि आकडे, वाईट आले तरी, इथेच देतो.

एलओची_कटकट
टोन टाकताना जनरेटरच्या पुढे हाय-पास लावा. त्याची स्वतःची ९०० ची गळती मोजून खूश झालेले लोक पाहिलेत मी.